शब्दांची गुहा : दृष्टिहीन खेळाडूंसाठी एका जुन्या संगणक-खेळाचे पुनरुज्जीवन

संगणकावरील खेळ हा विषय निघाला, की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या कपाळावर आठी उमटते. उशिरापर्यंतचे जागरण, डोळ्यांवरील ताण, मैदानाशी तुटलेले नाते या तक्रारी आमच्या दवाखान्यात रोजच्याच झाल्या आहेत. त्यामुळे एका संगणक-खेळाचे गुणगान करणारा लेख बालरोगतज्ज्ञाने आपल्या स्मरणिकेसाठी लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या खेळात चित्र नाही, रंग नाही, बंदुकीचा आवाजही नाही. आहेत ते केवळ शब्द. म्हणूनच पाहू न शकणारे मूल तो डोळस मुलाच्या बरोबरीने खेळू शकते. मात्र सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा हा खेळ आजच्या संगणकावर दृष्टिहीन खेळाडूला खरोखर खेळता यावा, यासाठी काही गोष्टी जाणीवपूर्वक कराव्या लागतात. त्या कोणत्या, आणि वैद्यकीय व्यावसायिकांनी त्यांत लक्ष का घालावे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

खेळाचा जन्म

अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची चुनखडकातील अतिविस्तीर्ण गुहा आहे. जगातील आजवर मोजल्या गेलेल्या गुहांमध्ये ती सर्वांत लांब होय. विल क्राउथर हे संगणकतज्ज्ञ या गुहांचे हौशी संशोधक होते. व्यवसायाने ते मॅसॅच्युसेट्समधील बीबीएन या संस्थेत, आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत काम करीत. घटस्फोटामुळे मुलींपासून दुरावलेल्या या पित्याने १९७५-७६ च्या सुमारास, मुलींना खेळता येईल असा एक खेळ फोरट्रान या संगणक-भाषेत रचला. त्यातील गुहा त्यांनी स्वतः पायाखाली घातलेल्या गुहेवरच बेतली होती.

पुढे स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांच्या हाती हा खेळ लागला. क्राउथर यांच्या अनुमतीने त्यांनी १९७७ मध्ये त्यात खजिने, कोडी आणि अद्भुत प्राणी यांची भर घातली. ‘ॲडव्हेंचर’ किंवा ‘कोलोसल केव्ह’ या नावाने तो खेळ विद्यापीठांमधून पसरला. २००५ मध्ये वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील जुन्या साठ्यात क्राउथर यांची मूळ संहिता सापडली. डेनिस जर्झ या अभ्यासकाने तिच्या आधारे प्रत्यक्ष गुहेची पाहणी केली. खेळातील वाटा आणि खऱ्या गुहेतील वाटा यांत आश्चर्यकारक साम्य आहे, हे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले.

खेळाचे स्वरूप अत्यंत साधे आहे. आपण कोठे आहोत, समोर कोणत्या वस्तू आहेत, वाट कोणत्या दिशेला जाते, हे संगणक दोन-चार वाक्यांत सांगतो. खेळाडूने एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करावयाची : उत्तरेला जा, दिवा घे, पक्षी सोड. संगणक परिणाम सांगतो आणि पुढील आज्ञेची वाट पाहतो. घाई नसते, नेमबाजी नसते. मात्र तर्क आणि स्मरणशक्ती यांची कसोटी लागते. वाट अडवून बसलेल्या सापाला हुसकावण्यासाठी पिंजऱ्यातील इवलासा पक्षी उपयोगी पडतो. परंतु हातात काठी असेल, तर तो पक्षी घाबरून पकडूच देत नाही. दिव्याची बॅटरी मर्यादित असल्याने वायफळ भटकंती महागात पडते. ३५० गुणांच्या प्रसिद्ध आवृत्तीत असे १५ खजिने गोळा करून आणावयाचे असतात.

शब्दांचा उत्कर्ष आणि माघार

या खेळापासून स्फूर्ती घेऊन एमआयटी या संस्थेतील चार तरुणांनी १९७७ मध्ये ‘झॉर्क’ हा खेळ रचण्यास प्रारंभ केला. १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक निराळा असे आणि एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. इन्फोकॉमच्या तंत्रज्ञांनी यावर नामी तोडगा काढला. खेळाची गोष्ट त्यांनी एका काल्पनिक संगणकासाठी लिहिली आणि त्याला ‘झेड-मशीन’ असे नाव दिले. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी एक छोटी दुभाषी आज्ञावली तेवढी नव्याने लिहावयाची, म्हणजे झाले.

आपल्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे, तर बंदिशीची स्वरलिपी एकदा कागदावर उतरली, की पेटी बदलली, वादक बदलला, तरी बंदिश तीच राहते. १९८० च्या दशकातील त्या गोष्टींच्या फायली आज भ्रमणध्वनीवरही चालतात, त्यामागे हेच कारण आहे. पुढे हौशी तज्ज्ञांनी झेड-मशीनची रचना उलगडली. ग्रॅहॅम नेल्सन यांनी १९९३ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही नव्या गोष्टी रचण्याची भाषा उपलब्ध करून दिली. १९९५ पासून अशा शब्दखेळांची वार्षिक स्पर्धाही भरू लागली.

बाजारपेठ मात्र चित्रांच्या मागे गेली. १९८६ मध्ये इन्फोकॉम ही ॲक्टिव्हिजनने विकत घेतली आणि १९८९ मध्ये ती बंद झाली. डोळस खेळाडूंच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. त्यांना अधिक देखणे खेळ मिळाले. दृष्टिहीन खेळाडूंच्या हातातून मात्र, प्रत्येक ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल असा खेळाचा एक अख्खा प्रकारच दुकानांतून नाहीसा झाला.

बोलणारा संगणक

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ती कृत्रिम आवाजात वाचून दाखवते किंवा उठावदार ठिपक्यांच्या ब्रेल पट्टीवर उमटवते. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर डॉस प्रणालीसाठी आणला आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. जेम्स तेह हे त्यांचे दृष्टिहीन मित्र त्यात सामील झाले. हा स्क्रीन रीडर विनामूल्य असल्याने आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांसही तो वापरता येतो. २००९ पासून आयफोनमध्येही वाचनाची ही सोय अंतर्भूत झाली.

शब्दांचा खेळ आहे आणि शब्द वाचणारा संगणक आहे. मग अडचण कोठे आहे?

अक्षर आणि अक्षराचे चित्र

डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळींचा एक तक्ता असे. प्रत्येक घरात कोणते अक्षर आहे, याची नोंद स्मृतीत अक्षररूपानेच असे. स्क्रीन रीडर ती नोंद थेट वाचत असे. आज जुना खेळ चालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे, जुन्या डॉसचे सोंग वठवणाऱ्या आज्ञावलीत तो सुरू करणे. परंतु अशा आज्ञावल्या बहुधा ती अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी रंगवून दाखवतात. डोळस माणसाला पडदा हुबेहूब जुन्यासारखा दिसतो. स्क्रीन रीडरच्या लेखी मात्र ते एक मुके चित्र असते.

आपल्या व्यवसायातील दाखला याहून बोलका आहे. प्रयोगशाळेचा टंकलिखित अहवाल आणि त्याच अहवालाचा मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो हे तुम्हाआम्हाला सारखेच वाटतात. दृष्टिहीन रुग्णाच्या हाती पडल्यावर मात्र पहिला अहवाल बोलतो आणि दुसरा गप्प बसतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आज उपलब्ध आहेत, हे खरे. परंतु प्रत्येक आज्ञेनंतर पडद्याचे चित्र काढून त्यातील अक्षरे ओळखवून घ्यावयाची, ही काही खेळण्याची रीत नव्हे.

यावरून पुनरुज्जीवनाचे मुख्य सूत्र हाती लागते : खेळाचा प्रत्येक शब्द वाचक आज्ञावलीच्या हाती शब्द म्हणूनच पोहोचला पाहिजे. जुन्या पडद्याचे हिरवट तेज, जुनी अक्षरवळणे हे सारे आठवणींपुरते आहे. जपावयाचा आहे तो मजकूर, आणि त्याला उत्तर देण्याची खेळाडूची क्षमता.

पुनरुज्जीवनाची कृती

संगणकाची आवड असलेल्या वाचकांसाठी या कामाच्या पायऱ्या थोडक्यात देतो.

१. मूळ संहिता रीतसर मिळवावी. ‘ॲडव्हेंचर’ची विस्तारित आवृत्ती क्राउथर आणि वुड्स यांच्या संमतीने एरिक रेमंड यांनी २०१७ मध्ये आधुनिक रूपात आणि खुल्या परवान्याने प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘झॉर्क’च्या पहिल्या तीन भागांची संहिताही खुली केली. त्यामुळे हे दोन्ही खेळ चोरवाटेने मिळवण्याचे कारण उरलेले नाही.

२. खेळ साध्या मजकुराच्या खिडकीत किंवा वेबपानावर चालवावा. तेथे स्क्रीन रीडरला अक्षरे थेट मिळतात.

३. प्रत्येक आज्ञेनंतर केवळ नवीन मजकूर वाचला जावा. सर्व पान पुनःपुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले गेले, तर खेळाडू पाचव्या आज्ञेलाच कंटाळतो. वेबपानातील बदलता भाग तसा घोषित करण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

४. गुण, चालींची संख्या आणि स्थळाचे नाव दाखवणारी वरची पट्टी सतत वाचली जाऊ नये. खेळाडूने विचारल्यावर ती वाचावी.

५. रेघा आणि ताऱ्यांनी रंगवलेले नकाशे, चौकटी यांचे शब्दांत वर्णन करावे. एरवी स्क्रीन रीडर ‘तारा, तारा, रेघ, रेघ’ असे म्हणत राहतो.

६. मागील मजकुराकडे जाऊन तो वाक्यावाक्याने, शब्दाशब्दाने, प्रसंगी अक्षरागणिक ऐकता यावा. या खेळांत अर्थहीन मंत्रशब्द येतात आणि त्यांतील एक अक्षर चुकले तरी द्वार उघडत नाही.

७. इन्फोकॉमच्या अनेक खेळांबरोबर डब्यात पत्रे, नकाशे, पुस्तिका येत असत आणि काही कोड्यांची उकल त्या कागदांतच असे. त्यांचे मजकुरात रूपांतर केल्याखेरीज पुनरुज्जीवन पूर्ण होत नाही.

८. अंतिम तपासणी दृष्टिहीन खेळाडूंकडूनच करून घ्यावी. डोळे मिटून बसलेला डोळस तंत्रज्ञ ती करू शकत नाही, कारण स्क्रीन रीडरचा सराव ही वर्षानुवर्षांची कमाई असते. इंटरॲक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन या संस्थेने २०१९ मध्ये अशा खेळांच्या सुलभतेसंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. तोही दिव्यांग खेळाडूंच्या प्रत्यक्ष चाचण्यांवर आधारलेला आहे.

या यादीत कोडी सोपी करण्याचा उल्लेख नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. सुलभ करणे आणि सोपे करणे यांत मोठे अंतर आहे. पायऱ्यांशेजारी उतरंड बांधली, म्हणून परीक्षेचा पेपर सोपा करावा लागत नाही. साप तोच, चक्रव्यूह तोच आणि पराभवही तोच असावयास हवा. दयेपोटी मिळालेला विजय मुलांना लगेच ओळखू येतो.

भावंडांचा खेळ

अपुऱ्या दिवसांच्या, अकराशे ग्रॅम वजनाच्या एका बालकाच्या आरंभीच्या उपचारांत माझा सहभाग होता. बाळ वाचले, परंतु अपरिपक्व दृष्टिपटलाच्या विकाराने त्याची दृष्टी गेली. आज तो अकरा वर्षांचा आहे आणि एनव्हीडीए सफाईने वापरतो. तापासाठी आला असता, ताईबरोबर खेळता येईल असे संगणकावर काही आहे का, असे त्याने मला विचारले. ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने वरील सूत्रांनुसार ‘ॲडव्हेंचर’ साध्या मजकुराच्या खिडकीत चालेल असे करून दिले. इंदूरमधील इतर अनेक मराठी घरांप्रमाणे या घरातही बोलणे मराठी, शेजार हिंदी आणि शाळा इंग्रजी. त्यामुळे खेळाच्या इंग्रजीची अडचण फारशी आली नाही.

महिन्याभराने दोघे पुन्हा आले, ती केवळ प्रगती सांगण्यासाठी. ताई कागदावर नकाशा काढते, हा सगळा नकाशा डोक्यात ठेवतो, आणि वाद झाला की बहुधा ह्याचाच नकाशा बरोबर निघतो, असे त्यांच्या आईने सांगितले. मुलगा मला म्हणाला, “डॉक्टरकाका, हा खेळ बरोबरीचा आहे. गुहा ताईलाही दिसत नाही.”

त्यानंतर त्याने एक तक्रार मांडली. खेळात दिवा विझलेला असताना चालत राहिले, तर माणूस खड्ड्यात पडून मरण्याची शक्यता असते. त्याचा प्रश्न होता, “अंधार झाला म्हणून माणूस पडतो कशाला? भिंतीला हात लावून, काठीने चाचपत का चालत नाही?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खेळ रचणारे डोळस होते. त्यांच्या लेखी अंधार म्हणजे असहायता. ज्याने कधी उजेड पाहिला नाही, त्याच्या लेखी तो चालण्याचा एक रोजचा प्रकार आहे. मूळ खेळाचे नियम आपण बदलू नयेत, हे माझे मत मी वर नोंदवले आहे. परंतु उद्या या मुलाने स्वतःचा खेळ रचला, तर त्यातील गुहेत दिव्याऐवजी काठी असेल. दृष्टिहीन मुलांनी केवळ खेळाडू न राहता रचनाकारही व्हावे, ते एवढ्याचसाठी.

बालविकासाच्या दृष्टीने

डोळस मूल पाहून अवकाश शिकते. खोली, अंगण, गल्ली यांचा नकाशा त्याच्या मनात आपोआप उमटतो. दृष्टिहीन मुलाला तो पावलापावलाने, स्पर्शाने आणि शब्दांनी रचावा लागतो. सदातो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की ब्रेल वाचताना दृष्टिहीनांच्या मेंदूतील प्राथमिक दृष्टिकेंद्रही कार्यरत होते. मेंदू आपली जागा रिकामी ठेवत नाही. मात्र त्याला काम द्यावे लागते.

याच दिशेने मेराबेट, सांचेझ आणि सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. एका खऱ्या इमारतीची ध्वनिरूप प्रतिकृती त्यांनी संगणकावर तयार केली. काही दृष्टिहीन तरुणांना तीत ठरावीक मार्ग शिकवले, तर काहींना रत्ने शोधण्याचा खेळ म्हणून मोकळे सोडले. पुढे प्रत्यक्ष इमारतीत दोन्ही गटांना वाट काढता आली, परंतु जवळची वाट शोधण्यात खेळलेला गट सरस ठरला. हा खेळ ध्वनीचा होता, शब्दांचा नव्हता. म्हणून त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या विषयाला लावता येणार नाहीत. तरीही स्वतः भटकून रचलेला नकाशा पाठ केलेल्या वाटेपेक्षा अधिक उपयोगी पडतो, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

घरच्या घरी एक पूरक साधन करता येते. जाड पुठ्ठ्यावर प्रत्येक स्थळासाठी एक मोठी गुंडी शिवावी आणि वाटांसाठी गुंड्यांमधून लोकर ओवावी. वर जाणाऱ्या वाटेला एक गाठ, खाली जाणाऱ्या वाटेला दोन गाठी. मूल बोटांनी नकाशा वाचते आणि भावंडाला समजावून सांगते.

पथ्येही सांगितली पाहिजेत. दृष्टिहीन मुलाचे कान ही त्याची मोठी पुंजी आहे. शक्यतो ध्वनिक्षेपकावर ऐकावे. हेडफोन लावलाच, तर आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा मानली आहे. आणि हा खेळ कितीही गुणाचा असला, तरी तो मैदानाची, पोहण्याची किंवा मित्रांची जागा घेऊ शकत नाही.

मराठीतून गुहा

असा खेळ मराठीत का असू नये, हा विचार ओघाने येतो. इंग्रजी न येणाऱ्या दृष्टिहीन मुलांना आजचे हे खेळ बंदच आहेत. मराठी वाचणारा कृत्रिम आवाज उपलब्ध आहे. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ‘इस्पीक एनजी’ या मुक्त आज्ञावलीत मराठीचा समावेश आहे. मात्र केवळ भाषांतर करून काम भागत नाही.

मूळ ‘ॲडव्हेंचर’ शब्दाची पहिली पाच अक्षरे तपासून शब्द ओळखत असे. मराठीत नाम विभक्ती लागताच रूप बदलते. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘कंदील’चे ‘कंदिलाने’ आणि ‘घोडा’चे ‘घोड्याला’. म्हणजे सामान्यरूपाचे व्याकरण संगणकाला शिकवावे लागेल. दुसऱ्या बाजूने मराठीचा एक लाभही आहे. ‘किल्लीने पेटी उघड’ या आज्ञेत कशाने आणि काय हे प्रत्ययच सांगतो. शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाही.

खेळाडूला संबोधावे कसे, हा आणखी एक नाजूक प्रश्न आहे. इंग्रजीत त्याला लिंग नाही. मराठीत ‘तू आलास’ म्हटले, की मुलगी बाहेर राहते आणि ‘तू आलीस’ म्हटले, की मुलगा. ‘तुम्ही आलात’ दोघांनाही चालते, पण ‘तुम्ही उभे आहात’ म्हणताच पुन्हा पेच पडतो. तेव्हा वाक्ये योजून रचावी लागतील, किंवा आरंभीच खेळाडूला विचारून घ्यावे लागेल. उच्चारांचेही तसेच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा यांचे लेखन एकच, उच्चार निराळे. कृत्रिम आवाज येथे चुकतो. कोड्याची किल्ली अशा शब्दात ठेवू नये.

झेड-मशीनने अक्षरे साठवण्याची पद्धत इंग्रजीच्या मापाने बेतली होती. दोन बाइटमध्ये तीन अक्षरे बसवण्याची काटकसर तीत आहे. देवनागरीसाठी त्याहून प्रशस्त अशी ‘ग्लुल्क्स’ ही रचना १९९९ पासून उपलब्ध आहे. सारांश, साधने आहेत. हवा आहे तो भाषेचा जाणकार, संगणकाचा जाणकार आणि चाचणीसाठी बसणारी दृष्टिहीन मुले यांचा मेळ.

समारोप

या विषयात आपण वैद्यकीय मंडळींनी पडण्याचे कारण काय? अपुऱ्या दिवसांची बालके आज पूर्वीपेक्षा अधिक संख्येने वाचतात, ही आपल्या शास्त्राची मोठी कामगिरी आहे. त्याबरोबर जबाबदारीही येते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बालकाची दृष्टिपटल-तपासणी ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फारच अपुऱ्या दिवसांच्या बालकांची तर त्याहूनही लवकर. वेळेवर केलेल्या उपचाराने बहुतेक बालकांची दृष्टी वाचवता येते, म्हणून हे कर्तव्य पहिले.

परंतु ज्यांची दृष्टी वाचत नाही, त्यांना आपण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देतो आणि तेथे आपली फाइल बंद होते. पालकांच्या मनात मात्र नेमका त्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, की आता या मुलाने दिवसभर करावे काय? या प्रश्नाच्या उत्तरात शिक्षण येते, पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण येते, आणि खेळही येतो. प्रमाणपत्राबरोबर पालकांच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर विनामूल्य स्क्रीन रीडरचे नाव, जवळच्या दृष्टिहीन विद्यालयाचा पत्ता आणि अशा दोन-तीन खेळांची नावे असावीत. रुग्णांना पाठवायचे अहवाल फोटोऐवजी मजकुराच्या रूपात पाठवण्याची सवयही आपण आजपासून लावून घेऊ शकतो. त्यास खर्च काहीच नाही.

२०२३ मध्ये केन आणि रोबर्टा विल्यम्स या दांपत्याने याच ‘कोलोसल केव्ह’चे त्रिमितीय चित्ररूप प्रसिद्ध केले. जुन्या कृतीला नवा देह देण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि ज्यांना दृष्टी आहे त्यांनी तो जरूर अनुभवावा. परंतु मूळ गुहा शब्दांची आहे आणि तिचे दार शब्दांनीच उघडते. ते दार आपल्या परिसरातील एखाद्या दृष्टिहीन मुलापर्यंत पोहोचवण्यासाठी साधा संगणक, तासभराचे साहाय्य आणि शेजारी बसणारे एक भावंड किंवा मित्र एवढे पुरेसे आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या परिचयातील एका मुलासाठी हे जरी केले, तरी लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.